मोटारीमागे सायकल

सेमाडोहला मोटार घेऊन जाणारी मंडळी हल्ली सायकलीही बरोबर नेतात, आणि त्या कोठे बांधाव्यात यावर घरोघर वाद होतात. आमचे मेहुणे टपाचे कैवारी. पण टपावर सायकल चढवायला पैलवान हवा, आणि वाटेत एखादा वाकलेला बांबू अडला तर काय? डिकीवर पट्ट्यांनी बांधण्यावर माझा भरवसा नाही; घाटातल्या वळणांनी पट्टे सैल पडतात.

मी मागच्या स्टँडच्या बाजूचा. गाडीच्या सांगाड्याला बोल्टांनी जखडलेल्या चौकोनी नळीत तो बसतो. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांना ही नळी मुळात नसते, निराळी बसवून घ्यावी लागते. दुकानदार ‘चार सायकली सहज!’ म्हणाला, की मी विचारतो, नळीवर उभा भार किती चालेल? गाडी मागे किती ओढू शकते, हा आकडा येथे कामाचा नाही. उभ्या भारातून आधी स्टँडचेच वजन वजा करावे, मग सायकली मोजाव्यात. शिवाय सायकल जितकी मागे, तितका खड्ड्यातला हिसका मोठा. म्हणून दोनच न्याव्यात.

दांड्याने लटकवण्यापेक्षा चाके धरणारा स्टँड बरा. लेडीज सायकलला वरचा दांडा नसतो, हे दुकानात फक्त सौभाग्यवतींच्या ध्यानात आले! नंबरपाटी आणि मागचे दिवे झाकले जाऊ नयेत, हेही तेथेच पाहावे.

१९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होते. तेव्हा सायकल कोठे चालवता येईल, हे वनखात्याला आधी विचारावे. आणि परतवाड्याला चहाला थांबाल, तेव्हा स्टँड हाताने हलवून पाहा. पुढे घाट आहे.