मावशींना विचारलं का?

आमच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट आहेत. एकीत आरसा, मंद दिवे आणि हळू आवाजातलं म्युझिक. दुसरीत चारी बाजूंना ठोकलेलं प्लायवूड आणि फिनेलचा वास. पहिली आपली, दुसरी ‘सर्व्हिस’. गेल्या पावसाळ्यात पहिलीच्या दाराशेजारी एक लॅमिनेट केलेली नोटीस लागली. ‘घरकाम करणाऱ्या महिला, ड्रायव्हर व डिलिव्हरी बॉइज यांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी. आदेशावरून.’

कोणाच्या आदेशावरून, हे आपल्याकडे कोणी विचारत नाही. मीही विचारलं नाही. सकाळी पावणेनऊला हिंजवडीची कंपनीची बस असते, तेव्हा माणूस नोटिसा वाचतो कुठे?

मग सर्व्हिस लिफ्ट बंद पडली. चांगली अकरा दिवस. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी नऊ मजले चढून यायच्या. वय पन्नाशीच्या पुढचं, गुडघे कुरकुरणारे. आल्यावर दोन मिनिटं ओट्याला टेकून उभ्या राहायच्या आणि मग कणीक मळायला घ्यायच्या. मी काय केलं? एकदा ‘बसा जरा’ म्हटलं. ‘कमाल आहे या सोसायटीवाल्यांची!’ असंही म्हटलं. आणि लॅपटॉपची बॅग खांद्याला अडकवून आरशाच्या लिफ्टनं खाली गेलो.

आरशात स्वतःकडे बघणं मात्र त्या दिवशी जरा टाळलं.

१८ सप्टेंबरची सुटी

आता विषय थोडा बदलतो, पण सोडून जाऊ नका, लिफ्टमध्ये परत यायचंय.

आमच्या टीममध्ये शिलाँगची एक मुलगी आहे. रिलीज असो, क्लायंट कॉल असो, ती दर वर्षी १८ सप्टेंबरला सुटी टाकते. या वेळी कँटीनमध्ये मी विचारलंच.

‘आमच्या चर्चचा वर्धापनदिन,’ ती म्हणाली.

‘म्हणजे तू ख्रिश्चन?’

‘साधारण. पण आम्ही युनिटेरियन.’

पुढची वीस मिनिटं माझा चहा गार होत राहिला. १८८७ साली मेघालयातल्या जोवाईमध्ये हाजोम किसोर सिंग नावाच्या खासी तरुणानं हा पंथ तिथे सुरू केला. वय बावीस. आपल्या ऑफिसातल्या फ्रेशरएवढं! वेल्श मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये तो होता, पण तिथलं सगळं त्याच्या मनाला पटेना. देव एकच आहे, असं त्याचं स्वतःचं मत बनत गेलं. असंच मानणारे लोक जगात आणखीही आहेत, हे नंतर कळलं, तेव्हा त्यानं कलकत्त्याच्या अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशकाला पत्र लिहिलं. गूगल नसतानाची गोष्ट आहे ही.

निघताना ती एक वाक्य बोलून गेली. ‘आमच्याकडे तू काय मानतोस, हे आधी विचारत नाहीत. तू वागतोस कसा, ते बघतात.’

मी गार चहा एका घोटात संपवला.

धर्माचंही अप्रेझल

त्या वीकएंडला सिनेमा कॅन्सल करून वाचत बसलो. युनिटेरियन हे नाव ‘युनिटी’वरून, एकत्वावरून आलंय. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असा त्रिविध देव न मानता एकच देव मानणारे, म्हणून युनिटेरियन. ऐकायला साधी गोष्ट. पण त्रैक्यावर शंका घेणारी पुस्तकं लिहिली म्हणून मायकेल सर्व्हेटस या विद्वानाला १५५३ मध्ये जिनिव्हात जिवंत जाळलं होतं.

त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनी, १५६८ मध्ये, आजच्या रुमानियात असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या तोर्दा गावी एक राजसभा भरली. धर्मोपदेशकानं आपल्याला उमगेल तसं सांगावं, लोकांना पटलं तर त्यांनी ऐकावं, कोणावर बळजबरी नको, असं तिथे ठरलं. यामागे होता फेरेन्स दाविद नावाचा धर्मोपदेशक आणि त्याचं ऐकणारा राजा यानोश झिगमोंद. ड्रॅक्युलामुळे आपल्याला माहीत झालेल्या ट्रान्सिल्व्हेनियाची ही दुसरी ओळख!

अर्थात सगळं गोडगोड नव्हतं. तिथल्या ऑर्थोडॉक्स रुमानियन शेतकऱ्यांना या समान यादीत जागा नव्हती. राजा गेल्यावर वारं फिरलं. आपले विचार बदलत राहिल्याबद्दल दाविदला तुरुंगात टाकलं आणि १५७९ मध्ये तो तिथेच वारला.

अमेरिकेत हीच मंडळी १९६१ मध्ये युनिव्हर्सलिस्ट पंथाशी एक झाली. आज त्यांच्या एका बाकावर देव मानणारा, न मानणारा आणि बुद्धाला मानणारा असे तिघं शेजारी बसू शकतात. सही करायला ठरावीक श्रद्धांची यादी नाही. १९८५ मध्ये त्यांनी सात तत्त्वं ठरवली. त्यातलं पहिलं, प्रत्येक माणसाला जन्मतःच मोल आणि प्रतिष्ठा आहे. शेवटचं, सगळी सृष्टी एकमेकांत गुंतलेली आहे, तिचा मान ठेवा. आणि खरी गंमत पुढेच आहे. किमान दर पंधरा वर्षांनी हा मजकूर पुन्हा तपासायचा, असा त्यांचा नियमच आहे. त्याप्रमाणे तपासून २०२४ मध्ये त्यांनी ती सात तत्त्वं बाजूला ठेवली आणि प्रेम मध्यभागी ठेवून न्याय, औदार्य, समता अशी मूल्यं स्वीकारली. धर्माचं अप्रेझल! आपण वर्षातून एकदा अप्रेझलला तोंड देताना किती कुरकुरतो, आठवून बघा.

तुमच्यातला कोणी म्हणेल, काहीच मानायचं बंधन नाही, मग हा तर सोयीचा धर्म झाला. मलाही आधी तसंच वाटलं. नंतर लक्षात आलं, उलट आहे. श्रद्धा म्हणून दाखवायची असेल, तर ती पाठ करून म्हणता येते. इथे पुरावा म्हणून फक्त वागणं उरतं. आणि वागणं पाठ करता येत नाही.

बसस्टॉपच्या मागचा माणूस

मुंबईकरांना ‘प्रार्थना समाज’ हे गिरगावातल्या बसस्टॉपचं नाव म्हणून माहीत असतं. १८६७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था, एकच देव मानणारी आणि जातपात न मानणारी. न्यायमूर्ती रानडे, रामकृष्ण भांडारकर हे तिचे बिनीचे लोक. त्यांचं आणि युनिटेरियनांचं चांगलं सख्य होतं. जे. टी. संडरलँड नावाचे युनिटेरियन धर्मोपदेशक १८९५-९६ मध्ये भारतात आले, खासी टेकड्यांतही जाऊन आले. म्हणजे माझ्या टीममेटचा आणि आपला धागा तेव्हाच जुळला होता!

या धाग्यावरचं सर्वांत मोठं मराठी नाव म्हणजे महर्षी विठ्ठल रामजी शिंदे. १८७३ साली जमखंडीत जन्म, शिक्षण पुण्यात फर्ग्युसनमध्ये. १९०१ मध्ये युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले. दोन वर्षं धर्मांचा तौलनिक अभ्यास केला आणि १९०३ मध्ये परतले. ‘फॉरिन रिटर्न’ला तेव्हा केवढं वजन होतं! आरामात व्याख्यानं देत राहता आलं असतं.

पण १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी, म्हणजे डिप्रेस्ड क्लासेस मिशन, सुरू केलं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी परळला शाळा काढली. बहीण जनाबाई या कामात सोबत होत्या. पुढे मुक्काम पुण्यात हलला. नाना पेठेतला अहल्याश्रम त्याच कामाची खूण. सगळी माणसं सारखी, हे प्रार्थनेच्या वेळी म्हणणारे तेव्हाही पुष्कळ होते. हा माणूस ते म्हणून उठला आणि परळला गेला.

एवढं वाचून मी पेटलोच.

स्लाइड नंबर चार

सोमवारी सकाळी मावशी गेटवर भेटल्या. त्यांना म्हटलं, चला माझ्याबरोबर, आरशाच्या लिफ्टनं. त्या संकोचत आल्या. आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. मला एकदम भारी वाटलं. गुरुवारी त्या पुन्हा सर्व्हिस लिफ्टच्या रांगेत दिसल्या. विचारलं, तर म्हणाल्या, ‘दादा, तुम्ही निघून जाता ऑफिसला. नंतर वॉचमन मला बोलतो.’

माझ्या समतेचं बिल त्यांच्या नावावर फाटत होतं.

ठीक आहे, मग सिस्टीमच बदलायची. महिनाअखेरीस सोसायटीची वार्षिक सभा होती. मी प्रेझेंटेशन बनवलं. अकरा स्लाइड्स. नंबर चारवर महर्षी शिंदे, पाचवर तोर्दा. रात्री बायकोला दाखवलं. तिनं शांतपणे सगळं पाहिलं आणि एकच विचारलं.

‘मावशींना विचारलं का?’

‘काय?’

‘त्यांना काय हवंय ते.’

दुसऱ्या दिवशी विचारलं. मावशींनी पोळी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे न बघताच बोलल्या, ‘लिफ्टचं काय एवढं दादा, चालली की झालं. आमचं खरं म्हणजे बाथरूमचं बघा.’

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं. या बिल्डिंगमध्ये त्यांची चार घरं. सकाळी साडेसातला आल्या की दोन वाजतात. तोवर जायला जागा नाही. पार्किंगमधलं एक आहे, ते वॉचमन आणि ड्रायव्हर लोकांचं, आतून कडी लागत नाही. क्लब हाउसला कुलूप. ‘म्हणून सकाळी पाणीच पीत नाही मी. सगळ्याच बायका नाही पीत.’

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मावशी आमच्याकडे तीन वर्षं येतायत. आमच्या टू बीएचकेत दोन बाथरूम आहेत. त्यांना आम्ही कधीच ‘नाही’ म्हटलेलं नव्हतं. पण ‘हो’सुद्धा कधी म्हटलेलं नव्हतं. आणि न म्हटलेलं ‘हो’ हे समोरच्याला ‘नाही’च ऐकू येतं.

त्या दिवशी म्हटलं. फार अवघड वाक्य नव्हतं. फक्त तीन वर्षं उशिरा आलं.

शिंदे यांच्याबद्दल वाचताना एक गोष्ट मी घाईत ओलांडली होती, ती त्या रात्री परत वाचली. १९२३ मध्ये त्यांनी मिशनच्या कार्यकारी पदाचा राजीनामा दिला. मिशनचा कारभार आता आमच्याच हाती असावा, असं ज्यांच्यासाठी काम चाललं होतं त्या समाजातले काहीजण म्हणू लागले होते. सतरा वर्षं वाढवलेलं काम! अशा वेळी ‘यांना काय कळतं, मीच तर उभं केलं’ असं म्हणायचा मोह कोणालाही झाला असता. पण ते बाजूला झाले आणि कामाशी नातंही त्यांनी तोडलं नाही. परळला जाण्यापेक्षा हे जास्त कठीण असणार, असं मला वाटतं. दुसऱ्यासाठी काही करण्यात एक सुख असतं. ठरवण्याचा हक्क त्याच्या हातात देण्यात ते सुख नसतं.

अंगभूत मोल, प्रतिष्ठा हे शब्द मोठे आहेत. माझ्यापुरता त्यांचा अर्थ आता एवढाच उरलाय. ज्याच्याबद्दल ठरवतोय, त्याला आधी विचारणं.

मीटिंगमध्ये काय झालं?

प्रेझेंटेशन डिलीट केलं. सभेत बोलायचा हक्क फक्त सभासदांना असतो, म्हणून मावशी आणि आणखी पाचजणींनी सांगितलेल्या गोष्टी एका कागदावर लिहून नेल्या आणि त्यांच्याच शब्दांत वाचून दाखवल्या. पाणी पीत नाही, हे वाचल्यावर मागच्या रांगेतला गप्पांचा आवाज थांबला. एक काका म्हणाले, ‘उद्या स्विमिंग पूलही मागतील.’ थोडे हसले, थोडे नाही हसले. चेअरमननी मान डोलवली. क्लब हाउसमधलं एक टॉयलेट कामाला येणाऱ्या बायकांसाठी सकाळी सात ते संध्याकाळी सात उघडं ठेवायचं, हे मंजूर झालं.

लिफ्टच्या नोटिशीचं? ‘पुढच्या मीटिंगमध्ये बघू.’ ती अजून तिथेच आहे, लॅमिनेशनसकट. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर काहींनी माझं ‘समाजसेवक’ असं बारसं केलंय. पूर्वी लिफ्टमध्ये हसणारे दोघं-तिघं आता मोबाइलमध्ये बघतात. चालायचंच. नोटिशीचा विषय मी पुन्हा काढणार आहे, पण या वेळी मावशींशी बोलून.

तुम्हाला एकच होमवर्क. तुमच्या ऑफिसात पँट्रीतला मुलगा असेल, रात्री डेस्क पुसणाऱ्या ताई असतील, गेटवरचा सिक्युरिटीवाला असेल. त्यांच्यासाठी काही करायला जाऊ नका. या आठवड्यात फक्त विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर बहुतेक तुमच्या स्लाइडवर नसेल.

आमच्याकडच्या मावशी आता सकाळी आल्या आल्या ग्लासभर पाणी पितात.