चेपॉकचा वाडा कोणाचा?

चेन्नईस बदलून आलेला मराठी मनुष्य मरीनाचा समुद्र पाहतो आणि सवड काढून तंजावरास जातो. मरीनासमोरच उभ्या असलेल्या चेपॉकच्या राजवाड्याकडे मात्र तो ढुंकूनही पाहत नाही. ‘नवाबाचा वाडा, शिवाय मूरिश थाटाच्या कमानींची साहेबी नक्कल!’ असा शेरा मारून तो प्रकरण निकालात काढतो. हा शेरा आम्हांस मान्य नाही.

अर्काटचा नवाब महंमद अली याने हा वाडा १७६८ च्या सुमारास बांधविला. त्याच्या उभारणीशी ज्याचे नाव जोडतात तो पॉल बेनफिल्ड कंपनीचा नोकर आणि नवाबाचा सावकार. १७७३ साली नवाबाने कंपनीच्या फौजेच्या बळावर तंजावर घेतले व तुळजाजीराजांस कैद केले. १७७६ साली राज्य परत मिळाले, तेव्हा याच बेनफिल्डने तंजावरच्या महसुलावर हक्क सांगितला. पुढे १८५५ साली नवाब आणि तंजावरचे शिवाजीराजे असे दोघेही मागे मुलगा न ठेवता वारले. दोन्ही गाद्या इंग्रजांनी बुडविल्या. वाडा सरकारकडे गेला आणि तेथे कचेऱ्या आल्या. तंजावरासाठी हळहळणाऱ्याने या वाड्याला परका म्हणावे, हा कोठला न्याय?

‘जतन करणे हे त्या त्या खात्याचे काम,’ असे कोणी म्हणेल. जानेवारी २०१२ मध्ये या वाड्यातील कलस महाल जळाला. ती आग विझविताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी मृत्यू पावला. वाडा कोणाचा, हे त्याने विचारले नव्हते. महाल पुढे दुरुस्त झाला. तो मनुष्य परत आला नाही.

या आगीबद्दल दुसऱ्यास बोल लावण्यापूर्वी आपण आपापल्या कचेरीत पाहावे. देशभर कितीतरी जुने वाडे आमच्यासारख्या कारकुनांच्याच हाती आहेत. उंच दालनात फळ्यांचे आडोसे घालणारे आम्ही. जिन्याखाली रद्दी कोंबणारे आम्ही. लोंबती तार पाहून ‘बांधकाम खाते पाहील’ म्हणणारेही आम्हीच.

बदलीच्या वेळी आम्ही टेबल, कपाट, किल्ल्या यांचा चार्ज सहीनिशी देतो. ज्या छपराखाली वर्षे काढली, त्याचा चार्ज कधी कोणी दिला आहे काय? तो द्यावयास शिकू, तेव्हाच वारसा या शब्दावर आमचा अधिकार राहील.