नाव पँथरचं घेतलं, दवाखाना कुठं आहे?

माझी भाची चार वर्षांची होऊन गेली. गेली म्हणजे मेली. सभ्य शब्द मलाही येतात, दहावी पास आहे मी. पण इथं वापरणार नाही.

तिला सिकलसेल होता. एसएस पॅटर्न. संध्याकाळी ताप भरला. गल्लीतल्या डागदरनं सुई टोचली, सलाइन लावली, पैसे घेतले. आत्यानं दंडाला ताईत बांधला. पहाटे पोट्टी डोळे फिरवायला लागली तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेली. तिथला एक पोरगेला डॉक्टर बहिणीला म्हणाला, "सिकलसेल ना? तुमच्या लोकांत असतोच तो." मी मालधक्क्यावर रॅक खाली करत होतो. फोन आला तेव्हा पाठीवर ५० किलोचं पोतं होतं.

माय म्हणे, "नशीब होतं बापा तिचं."

नशीब म्हणून मी गप्प बसणार नाही. काट्यावर माल तोलून घेणाऱ्या जागेत मी जवानी घालवतो आहे. हेही तोलून घेतो.

आधी हे 'तुमच्या लोकांत' काय आहे ते बघू. सिकलसेल जातीनं येत नाही, हिवतापानं येतो. जिथं शेकडो वर्षं हिवताप माणसं मारत होता, तिथं आईबापांपैकी एकाकडूनच हा दोष घेतलेली पोरं हिवतापाला जास्त तगली. १९५४ साली ॲलिसन नावाच्या डॉक्टरनं आफ्रिकेत हे दाखवून दिलं. तगलेल्यांचं रक्त पुढं चाललं. आफ्रिकेत चाललं, अरबस्तानात चाललं, गोंडांच्या पाड्यात चाललं, आमच्या वस्तीत चाललं. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद १९५८ सालीच 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. म्हणजे माझी माय पाळण्यात नव्हती तेव्हा डॉक्टरांना ठाऊक होतं. ज्या रक्तानं आमचे पूर्वज जगवले त्याच रक्ताचा टोमणा आम्हाला मारता?

आता तापाचं बघू. दोन्हीकडून दोष आला की रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांत अडकतात. प्लीहा, आपल्याकडं जिला पाणथरी म्हणतात, ती लहानपणीच निकामी होत जाते. ही पाणथरी म्हणजे रक्तातल्या जंतूंचा चेकनाका. नाका बंद पडला की न्युमोकोकस नावाचा जंतू घुसतो आणि काही तासांत पोर संपवतो. म्हणून सिकलसेलच्या लेकराचा ताप हा साधा ताप धरायचाच नसतो.

याला उपाय आहे का? आहे. आणि तो कुणाच्या तोंडचा नाही, मोजलेला आहे. अमेरिकेत तीन वर्षांखालची २१५ सिकलसेलची पोरं घेतली. १०५ जणांना दिवसातून दोनदा पेनिसिलीनची गोळी. ११० जणांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. कुणाला कोणती, हे ना आईला माहीत ना डॉक्टरला. पोकळ गोळीवाल्या १३ पोरांच्या रक्तात जंतू शिरला, ३ मेली. पेनिसिलीनवाल्या २ पोरांत शिरला, मेलं एकही नाही. फरक एवढा की प्रयोग आठ महिने आधीच बंद केला, कारण पुढं पोकळ गोळी देत राहणं पाप झालं असतं. १९८६ साली हे छापून आलं.

दोस्तांनो, ती पोकळ गोळी समजून घ्या. आपली आख्खी वस्ती तिथंच फसते. ताईत बांधून वाचलेलं पोर सगळे सांगतात. ताईत बांधून मेलेलं पोर कुणी सांगत नाही. पावडर विकणारा 'सिकलसेल समूळ बरा' म्हणून मोबाइलवर दहा फोटो पाठवतो. अरे, पावडर न घेतलेल्यांपैकी किती बरे राहिले ते सांग ना बे! दोन्ही पारड्यांत माल टाकल्याशिवाय वजन होत नसतं. बाबासाहेबांनी १९५६ साली याच नागपुरात आपल्याला तथागताकडं नेलं. ऐकीव आहे, परंपरेनं आलं आहे, मोठ्या माणसानं सांगितलं आहे, एवढ्यावर मानू नका, असं कालामांना सांगणाऱ्या माणसाकडं. आणि आपण ताईत बांधतो. दंडावर ताईत, गळ्यात निळा दुपट्टा.

कुणी शहाणा म्हणेल, "ती अमेरिकेतली पोरं. आपला सिकलसेल सौम्य असतो." हा मुद्दा पोकळ नाही, तोही तोलू. भारतातल्या बऱ्याच रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त टिकतं आणि पाणथरी उशिरा निकामी होते, हे खरं आहे. पण नागपुरातच जन्मापासून पोरांवर नजर ठेवणाऱ्या डॉक्टरांना इथला आजार काही तितका सौम्य दिसला नाही. आणि किती पोरांच्या तापात रक्ताचं कल्चर होतं? केलंच नाही तर जंतू सापडेल कसा? न मोजलेल्याला 'नाही' म्हणायची ही जुनीच चाल आहे. आमची माणसंही अशीच मोजली जात नव्हती.

माझ्या भाचीचं कल्चर झालं नाही. म्हणून पेनिसिलीननं ती वाचलीच असती असं मी छातीठोक सांगत नाही. खोटं वजन मी करत नाही. एवढंच सांगतो, चार वर्षांत ती गोळी तिच्या आईला कुणी दाखवलीसुद्धा नाही.

पुरावा थांबायलाही सांगतो, हेही ऐका. १९९५ साली ४०० पोरांवर पुन्हा तसाच प्रयोग झाला. पाच वर्षांनंतर गोळी बंद केल्यानं खास फरक दिसला नाही. ज्यांची पाणथरी काढली आहे किंवा ज्यांना असा जंतू आधी लागून गेला आहे त्यांचं वेगळं. म्हणजे उगाच जन्मभर गोळ्या गिळायच्या नाहीत. न्युमोकोकसची लसही २०२१ पासून देशभर सरकारी यादीत आहे. ती घ्याच. पण या जंतूच्या सगळ्या जाती तिच्यात येत नाहीत, म्हणून लस टोचली तरी गोळी सोडायची नाही.

आता आपल्याच छातीवर हात ठेवू. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नाव कुठून घेतलं? अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. त्यांनी १९७१ मध्ये काय चालवलं होतं माहीत आहे? वस्त्यावस्त्यांतून सिकलसेलची फुकट तपासणी! बंदूक सगळ्यांना आठवते, सुई कुणालाच नाही. १९७२ च्या मे महिन्यात निक्सनसारख्याला सिकलसेलच्या कायद्यावर सही करावी लागली. सरकारी पैसा लागला, संशोधन वाढलं, चौदा वर्षांनी पेनिसिलीनचा तो प्रयोग छापून आला. आपण नाव आणलं, आरोळी आणली, कविता आणली. दवाखाना तिकडंच राहिला. मीसुद्धा त्यातलाच. रक्तावर शंभर ओळी लिहिल्या आणि स्वतःचं रक्त तपासलं भाची गेल्यावर. एएस निघालं.

सरकारनं १ जुलै २०२३ ला शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं मिशन काढलं. आदिवासी भागातले ७ कोटी लोक तपासायचे, २०४७ पर्यंत आजार संपवायचा. आदिवासी भावांना आधी मिळू दे, त्यात आमचा वाटा नको. पण नागपुरात हा आजार बौद्धांच्या घराघरात आहे. जंतू जातीचा दाखला बघून आत शिरत नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. प्रत्येक बाळाची जन्मतःच तपासणी करा. एसएस लेकराला पाच वर्षांपर्यंत पेनिसिलीन द्या, आणि ते वस्तीच्या दवाखान्यात हजर ठेवा. 'स्टॉक नाही' ही पाटी नको. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलीनचा सरकारी कारखाना काढणाऱ्या देशाला ही गोळी अवघड नाही. सिकलसेलच्या लेकराला ताप आला की लाइनीत उभं करू नका, आधी रक्त कल्चरला घ्या आणि लगेच औषध चालू करा.

आणि आपण? दोघं एएस असले तर दर खेपेला चारात एक पोर एसएस व्हायची शक्यता असते. लग्नाआधी तपासा. पण कार्ड बघून पोरीला हिणवाल तर तुमच्यात आणि मनुवाद्यात फरक काय?

येत्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीत मंडपाच्या तोंडाशी टेबल लावतो आहे. टेबल माझं, तपासणारा माणूस तुम्ही आणा. ज्याला स्टेजवर कविता वाचायची आहे त्यानं आधी बोट पुढं करायचं.

जयभीम.