पावतीमागे कोण उभं आहे?

दीपनगरच्या वसाहतीत कुणाची निवृत्ती लपून राहत नाही. औष्णिक केंद्रात बरोबरीनं लागलेली माणसं बरोबरीनंच बाहेर पडतात आणि पीएफ-ग्रॅच्युइटी खात्यात पडल्याची खबर भुसावळच्या बाजारात लगोलग पोचते. मग प्लॉटवाले येतात, विमा एजंट येतात. आणि येतो पतपेढीचा माणूस, तो बहुतेक वेळा नात्यातला किंवा गावातलाच असतो. "आप्पा, बँक काय देते? आपल्याकडे दोन टक्के जास्त. आणि पैसा आपल्याच माणसांत राहतो." आप्पांना सही करायला लावतं ते हे शेवटचं वाक्य.

रिझर्व्ह बँक लोकांना पैशाचे धडे देते, हे आता घरोघरी ठाऊक आहे. 'आरबीआय कहता है' म्हणत अमिताभ बच्चन टीव्हीवर येतात, 14440 वर मिस्ड कॉल दिला की माहिती सांगणारा फोन येतो, फेब्रुवारीच्या सुमारास बँकांमध्ये आर्थिक साक्षरता सप्ताहाची पोस्टर लागतात. 2024 चा सप्ताह विद्यार्थ्यांसाठी होता, 2025 चा महिलांसाठी. 'राजू आणि चाळीस चोर' ही त्यांची पुस्तिका तर मला मनापासून आवडते. केवायसीच्या नावानं लिंक पाठवणारा, लॉटरी लागली म्हणून फोन करणारा, असे एकेक भामटे तिनं चित्रांतून समोर उभे केले आहेत. एटीएमला हात लावायला घाबरणाऱ्या आमच्याकडच्या आज्या आज "ओटीपी कुणाला सांगायचा नाही" असं नातवाला दटावतात, त्याचं श्रेय या मोहिमेला द्यायलाच हवं.

पण खानदेशाची जखम ओटीपीच्या आधीची आहे आणि ती ठेवीच्या पावतीनं झाली आहे. भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'बीएचआर', ही मल्टीस्टेट पतसंस्था. मुख्यालय जळगावात, शाखा अनेक राज्यांत. मुदत संपलेल्या ठेवी परत मिळेनाशा झाल्या, 2015 मध्ये संस्थापकाला अटक झाली, संस्थेवर अवसायक नेमला गेला. पुढं 2020 मध्ये त्या अवसायनातल्या व्यवहारांवरच गुन्हे दाखल झाले. मुलीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेला पैसा मागण्यात हजारो ठेवीदारांची वर्षं गेली. मल्टीस्टेट संस्थेची नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे असते, रिझर्व्ह बँकेचा तिच्याशी थेट संबंध नसतो, हे यांतल्या किती जणांना पैसे ठेवताना माहीत होतं?

पतपेढीची मुदत ठेवीची पावती एकदा हातात घेऊन नीट पाहा. जाड कागद, कडेनं नक्षी, वर देवाचं चित्र, अक्षरी रक्कम, व्याजदर, दोन सह्या आणि गोल शिक्का. बँकेच्या पावतीपेक्षा देखणीच. कोपऱ्यात बारीक अक्षरात नोंदणी क्रमांक असतो आणि नावाजवळ सभासद क्रमांक. नोंदणी सहकार खात्याची असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना तिथं नसतो. पतसंस्थेनं ठेवी सभासदांकडूनच घ्यायच्या असतात, म्हणून ठेवीच्या फॉर्मबरोबर आणखी एका कागदावर सही घेऊन आप्पांना सभासद करून टाकलेलं असतं. आप्पांना मात्र आपण बँकेतच पैसे ठेवले असं वाटत असतं.

बँकेच्या पावतीमागे ठेव विमा असतो. त्याची मुळं आपल्या शेजारीच आहेत. भुसावळहून नागपूरच्या गाडीत बसलं की वाटेत अकोला लागतं. 1960 मध्ये तिथली लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक अशा दोन बँका बुडाल्या. त्या धक्क्यातून 1961 चा कायदा झाला आणि 1 जानेवारी 1962 पासून ठेवींना 1,500 रुपयांचं संरक्षण मिळू लागलं. 1993 मध्ये ते एक लाख झालं, 4 फेब्रुवारी 2020 पासून पाच लाख. हप्ता बँक भरते. 2021 च्या दुरुस्तीनंतर, बँकेवर निर्बंध आले तरी विम्याची रक्कम साधारण 90 दिवसांत ठेवीदाराला द्यावी लागते. नागरी सहकारी बँकाही यात येतात, जिल्हा बँकाही येतात. पाच लाखांची मर्यादा मात्र एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून आणि व्याज धरून असते. भुसावळ शाखेत पाच आणि जळगाव शाखेत पाच ठेवून निर्धास्त झालेले लोक मी पाहिले आहेत. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा लागूच नाही.

पतपेढ्या वाईटच, असं माझं म्हणणं नाही. हातगाडीवाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला, केळीच्या खताला अडलेल्या शेतकऱ्याला बँकेनं परत पाठवलं तेव्हा त्यांनीच दार उघडलं. चोख चाललेल्या पतपेढ्या आजही आहेत. म्हणून तर ठेवीदाराला फरक कळायला हवा.

पतसंस्था आमच्या अखत्यारीत नाहीत, असं रिझर्व्ह बँक म्हणेल. मग इथल्या शिबिरात तेच पहिलं वाक्य असू द्या. नावात 'बँक' लावणाऱ्या सहकारी संस्थांपासून सावध राहा, असं पत्रक तिनं नोव्हेंबर 2021 मध्ये काढलं होतं. संस्थेला ठेवी घ्यायची परवानगी आहे का हे पाहायला आणि तक्रार करायला 'सचेत' हे पोर्टलही आहे. पण दीपनगरजवळच्या फेकरी गावच्या पारावर बसलेल्या माणसापर्यंत यातलं काही पोचत नाही. तिथं लेवा बोलीत बोलणारा माणूस लागेल, धुळ्याकडे अहिराणीत बोलणारा. समोर पोस्टर धरण्यापेक्षा दोन खऱ्या पावत्या शेजारी-शेजारी ठेवून दाखवणारा लागेल.

आणि दीपनगरात हे शिबिर निवृत्तीच्या आधी व्हावं, पैसा हातात येण्यापूर्वी. निरोपसमारंभाच्या महिन्यातला एक तास हे औष्णिक केंद्र चालवणाऱ्या महानिर्मितीनं त्यासाठी द्यावा, बायकोला आणि कमावत्या मुलालाही सोबत बोलवावं. टेबलामागे बँकेचा अधिकारी आणि सहकार खात्याचा अधिकारी एकत्र बसलेले असावेत, म्हणजे आप्पांनी पावती पुढे केली की ती कुणाच्या अखत्यारीतली आहे, हे दोघांपैकी एकाला सांगावंच लागेल.