पाय पाहून पसरणारं अंथरूण

बालमित्रांनो,

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. पैशांच्या बाबतीत ती अगदी खरी! पण आज मी तुम्हांला असं अंथरूण दाखवणार आहे, जे पाय पाहून आपणहून पसरतं. ते आहे संगणकावर!

समजा, तुमच्या वर्गानं 'आपल्या परिसरातील झाडं' हा प्रकल्प घेतला. प्रत्येकाला एक झाड आणि एक स्लाइड. एकानं पहिली स्लाइड छान सजवली. वर नाव 'वड', डावीकडे फोटो, उजवीकडे चार ओळी. तीच सगळ्यांनी वापरायची ठरली. आता एका मुलीच्या वाट्याला आलं ताम्हण. तिनं वर लिहिलं, 'ताम्हण : महाराष्ट्राचं राज्यफूल ज्याला येतं ते झाड'. झालं! नाव थेट फोटोवर जाऊन आदळलं. तिची निरीक्षणंही सहा ओळींची होती. ती खाली सांडली. मग कोणीतरी म्हणतंच, "मावत नाही ना? काढून टाक दोन ओळी!"

सांगा पाहू, उन्हात उभं राहून टिपलेलं निरीक्षण चौकट लहान म्हणून पुसायचं का? मुळीच नाही! चौकट मजकुरासाठी असते, मजकूर चौकटीसाठी नसतो.

मग चौकटच शहाणी करू या. 'फिग्मा' हे चित्ररचनेचं साधन २०१६ साली सर्वांसाठी खुलं झालं. ते ब्राउझरमध्ये चालतं. २०१९ साली त्यात 'ऑटो लेआउट' ही सोय आली. तिच्यात प्रत्येक वस्तूला तीनपैकी एक स्वभाव देता येतो.

'फिक्स्ड' म्हणजे विटेसारखा. ठरवलेलं माप सोडायचं नाही.

'हग' म्हणजे कवटाळणं. आत जेवढा मजकूर, तेवढीच चौकट. मजकूर वाढला की चौकट वाढते.

'फिल' म्हणजे पाण्यासारखा. भांड्यात जेवढी जागा उरेल, तेवढी भरून टाकायची.

आता करून पाहा. १९२० बाय १०८० मापाची फ्रेम घ्या. तिच्यात झाडाचं नाव, फोटो आणि माहिती ठेवा. फोटो आणि माहिती दोन्ही निवडून शिफ्ट आणि ए ही बटणं एकत्र दाबा. दोघांची मिळून एक रांग होईल. ती आडवी ठेवा. मग सबंध फ्रेम निवडून पुन्हा शिफ्ट आणि ए दाबा. फ्रेमची दिशा उभी ठेवा. चारी बाजूंनी समास ८०, दोन वस्तूंमधलं अंतर ४० असू द्या. फ्रेमचं माप फिक्स्डच राहू द्या.

आता स्वभाव वाटा. नावाला आणि माहितीला रुंदीत फिल, उंचीत हग. रांगेला आणि फोटोला रुंदी-उंची दोन्हींत फिल. बस्स!

आता 'वड' पुसून ताम्हणाचं ते लांबलचक नाव लिहा. नाव दुसऱ्या ओळीवर जाईल आणि खालची रांग गुमान सरकून जागा देईल. फोटो चेपला जाणार नाही, कडेनं थोडासा कापला जाईल, इतकंच. शाळेचा प्रोजेक्टर जुन्या, चौकोनी पडद्याचा आहे? फ्रेमचं माप १०२४ बाय ७६८ करा. सगळी मंडळी सरकून बसतील!

पण एक ध्यानात ठेवा, बरं का! अक्षरांचा आकार आपोआप लहान होत नाही. माहिती फारच वाढली तर दुसरी स्लाइड घ्या. शेवटच्या बाकावरच्या मित्रालाही वाचता यायला हवं ना! शिवाय आपल्या अक्षरांना वर वेलांटी, मात्रा, रफार, तर खाली उकार असतात. म्हणून दोन ओळींत ऐसपैस अंतर ठेवा. 'मुक्ता'सारखा युनिकोड फॉन्ट घ्या.

आणखी एक गंमत. तयार झालेल्या स्लाइडचा 'कंपोनंट' करता येतो. कंपोनंट म्हणजे मोदकाचा साचाच म्हणा ना! फरक एवढाच, की घरचा साचा बदलला तरी आधी केलेले मोदक बदलत नाहीत. इथे मूळ साच्याचा रंग हिरवा केला, की त्याच्यापासून काढलेल्या चाळीसच्या चाळीस स्लाइड हिरव्या! आणि प्रत्येकानं लिहिलेला मजकूर मात्र जिथल्या तिथे.

मजकुराचं चित्र मात्र कधी करू नका. चित्र झालेल्या शब्दातला साधा ऱ्हस्व-दीर्घही पुढे सुधारता येत नाही. तुमचा प्रकल्प पुढच्या वर्षीच्या वर्गाच्या हाती जाणार. यंदा ताम्हण कधी फुललं ते तुम्ही लिहिलंत. पुढच्या वर्षीचं ते लिहितील. पाच वर्षांनी त्या स्लाइडवर पाच वर्षांच्या नोंदी असतील. मजकूर बदलता येत नसेल, तर पुढची मुलं सगळं टाकून पहिल्यापासून सुरुवात करतील आणि तुमच्या नोंदी हरवतील.

पालकहो, फिग्माचं खातं तुम्ही किंवा शाळेतल्या शिक्षकांनी उघडून द्यावं आणि पहिल्या दिवशी शेजारी बसावं. माउस मात्र मुलांच्याच हाती असू द्या!

आणि हो, स्लाइड पूर्ण झाली की तिची परीक्षा घ्यायला विसरू नका. ती धाकट्या भावंडाच्या हाती द्या आणि म्हणा, "यात तुझ्या आवडत्या झाडाची माहिती लिही." मग शेजारच्या खोलीत जाऊन बसा. त्याची हाक आली नाही, तर तुमची स्लाइड पास!

तुमच्या,
बाई