रूमी, सॉरी! डिस्कच बाद होती

पुण्यात मास कॉम करत असताना मी आणि माझी रूमी चक्क एका डीव्हीडीवरून भांडलो. दहावीच्या निकालाला बाबांनी मला तीन सिनेमांचा बॉक्स सेट घेऊन दिला होता. त्यातली पहिली डिस्क 2017 मध्ये तिने वीकएंडला घरी नेली. परत आली तेव्हा सिनेमा ऐन मध्यावर अडकायला लागला. आधी चित्राचे चौकोन चौकोन, मग फ्रीझ. 'मी फक्त लावली गं, पाडलीबिडली नाही,' ती शपथेवर सांगत होती. मी कसली ऐकतेय! तिचीच टूथपेस्ट घेऊन डिस्क घासली, वर चार टोमणे मारले. आमचं बोलणं तेव्हा जे थांबलं ते थांबलंच.

मागच्या दिवाळीत साफसफाई करताना तो सेट माळ्यावरून खाली आला. तिसरी डिस्क कधी उघडलेलीच नव्हती, वरचं प्लॅस्टिकही तसंच. म्हटलं, बघू तरी. आणि बॉस, तीही ऐन मध्यावर अडकली! दिव्याखाली धरली, तर एक ओरखडा नाही.

मग जरा खोदकाम केलं. डीव्हीडी ही एक अखंड चकती नसतेच. 0.6 मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून ती 1.2 मिलिमीटरची होते, आणि सिनेमा असतो आत, त्या दोघींच्या मध्ये. कारखान्यात चिकटवताना किंवा धातूच्या थरात खोट राहिली, की डिस्क काही वर्षांनी आतल्या आत खराब होत जाते. याला म्हणतात डिस्क रॉट. तिथे टूथपेस्ट काय कप्पाळ करणार? ती फार तर वरचा ओरखडा पुसट करेल.

आणि मध्यावरच का? दोन लेअरच्या सिनेमाच्या डिस्कवर लेझर आधी आतून कडेकडे जातो, तिथे लेअर बदलतो आणि कडेकडून परत आत येतो. म्हणजे डिस्कची कड हाच सिनेमाचा मध्य! मी मात्र रूमीचे तेलकट हात शोधत बसले होते.

हे माझ्याच नशिबी आलंय असंही नाही. वॉर्नर ब्रदर्सने 2025 मध्ये मान्य केलं, की 2006 ते 2008 या काळात तयार झालेल्या त्यांच्या काही डीव्हीडी खराब होताहेत. शक्य तिथे बदलून द्यायची तयारीही दाखवली. माझ्या सेटची कंपनी वेगळी. तिला मेल टाकला, उत्तर नाही. बिल शोधलं, तर त्या गुळगुळीत कागदावरची अक्षरं केव्हाच उडालेली.

तेव्हा अजूनही डिस्क विकत घेणाऱ्या माझ्यासारख्या येड्यांनो, बिलाचा आधी फोटो काढा. नवी डिस्क रिटर्नची मुदत संपायच्या आत शेवटपर्यंत चालवून बघा, शोकेसमध्ये ठेवू नका. अडकली तर मऊ कापडाने पुसा, पण मधून कडेकडे, गोल गोल नाही. मग दुसऱ्या प्लेअरवर लावा. तिथेही त्याच जागी अडकली आणि ओरखडा दिसत नसेल, तर संशय डिस्कवरच घ्या. दुकानदार हात वर करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, 1915.

रूमीचा नंबर अजून फोनमध्ये होता. लिहिलं, 'न उघडलेली डिस्कपण अडकते. तू खरं बोलत होतीस. सॉरी.' दोन निळ्या टिक आल्या. दहा मिनिटं काहीच नाही. मग उत्तर आलं, 'आधी माझी टूथपेस्ट भरून दे.'