आधी फेऱ्या किती ते ठरवा

अली विरुद्ध टायसन, मार्सियानो विरुद्ध उसिक. कधीच न झालेल्या आणि कधीच न होणाऱ्या या लढतींवर बॉक्सिंगवेडे हमरीतुमरीवर येतात, आणि मला ते भांडण मनापासून आवडतं. पण हौशी बॉक्सिंगमध्ये रेफरी म्हणून मी उमेदीची वर्षं घालवली. त्यामुळे कोणाचा ठोसा जड, यापेक्षा माझा पहिला प्रश्न वेगळा असतो. लढत कोणत्या काळच्या नियमांनी?

२३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. जगज्जेता जो वॉलकॉट, आव्हानवीर रॉकी मार्सियानो. पहिल्याच फेरीत मार्सियानो खाली पडला. बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिन्ही गुणपत्रिकांवर वॉलकॉट पुढे होता. तेराव्या फेरीत मार्सियानोचा उजवा ठोसा बसला आणि वॉलकॉट दोरांवरून घसरत कोसळला. तेव्हाच्या पंधराऐवजी आजच्यासारखी बाराच फेऱ्यांची लढत असती, तर किताब वॉलकॉटकडेच राहिला असता आणि '४९ लढती, ४९ विजय' हा पवित्र मानला जाणारा आकडा कोणी उच्चारलाही नसता.

जो लुईचंही तेच. १९४१ मध्ये त्याच्याहून कितीतरी हलक्या बिली कॉनने त्याला बारा फेऱ्या नाचवलं. तीनपैकी दोघांच्या हिशेबात कॉन पुढे होता. तेराव्यात तो आघाडी सांभाळायची सोडून नॉकआऊटच्या मागे लागला आणि स्वतःच बाद झाला. लुईने सलग २५ वेळा किताब राखला, त्यातली ही एक.

जॅक डेम्प्सीचे चाहते १९१९ ची टोलिडोची लढत पुढे करतात. त्याने आपल्याहून पंचवीसेक किलो जड जेस विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं. खरं आहे. पण पडलेल्या विलार्डच्या अंगाशी तो उभा असे आणि उठता उठता पुन्हा हाणत असे. १९२७ मध्ये शिकागोला त्याचा प्रतिस्पर्धी टनी पडला, तेव्हा पाडणाऱ्याने दूरच्या तटस्थ कोपऱ्यात जाण्याचा नियम लागू होता. डेम्प्सी जागचा हलेना, म्हणून रेफरीने मोजणी उशिरा सुरू केली. टनीला चौदाएक सेकंद मिळाले, तो सावरला आणि गुणांवर जिंकला. त्या रेफरीच्या जागी मीही तेच केलं असतं.

आता मार्सियानो विरुद्ध उसिक. मार्सियानोचं वजन ८४ किलोच्या आसपास. आज तो क्रूझरवेटमध्ये खेळला असता. उसिकही तिथूनच वर आला आणि २०२४ मध्ये रियाधला त्याने आपल्याहून सतरा-अठरा किलो जड टायसन फ्युरीला हरवलं. डावखुरा, पायांनी हलका, क्षणभरही एका जागी न थांबणारा. बारा फेऱ्या असतील तर उसिक गुणांवर जिंकेल, याबद्दल मला शंका नाही. पंधरा असतील तर मी मार्सियानोच्या बाजूने. दमलेल्या माणसाला तो सोडत नसे.

अर्थात पंधरा फेऱ्या फक्त कागदावर. १९८२ मध्ये लास व्हेगासला हलक्या वजनी गटातला कोरियन बॉक्सर किम चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला. त्यानंतर फेऱ्या बारावर आल्या. खऱ्या रिंगमध्ये तेराव्या फेरीची घंटा पुन्हा वाजवायला माझा ठाम विरोध आहे, मग त्यापायी मार्सियानो हरला तरी चालेल.